शेरिनचा चामडी चेंडू, पाच नंबर: आठ महिने वापरल्यावर

शेरिनचा 'केबी', म्हणजे कांगारू ब्रँड, लाल, पाच नंबर. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, एएफएलमध्ये, शेरिनचाच चेंडू असतो: दिवसा लाल, रात्रीच्या सामन्याला पिवळा. टॉमस शेरिन यांनी १८७९ मध्ये मेलबर्नच्या कॉलिंगवूड भागात हे काम सुरू केलं. मी आधी एका दुकानातून स्वस्तातला रेक्झिनचा, दुसऱ्याच कुठल्या तरी बनावटीचा चेंडू घेतला होता. दोन महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटले. म्हणून या वेळी पैसे मोजून चामडी घेतला.

मी कोल्हापूरचा, आता मेलबर्नला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ बघत वाढलो, पेठेत खेळलो, तेही डाव्या पायाने. गोल चेंडू कुठे पडणार हे पायाला आपोआप कळायचं. हा चेंडू लंबगोल, चार तुकडे शिवलेला, एका अंगाला लेस. पोटावर पडला तर बरा उसळतो, टोकावर पडला तर कुठेही पळतो. नवा असताना चामडं कडक होतं. दोन आठवडे रोज मारल्यावर ते मऊ पडलं आणि हाताला पकड मिळायला लागली. आता तर झेल असा बसतो की सोडवत नाही.

किकचं तंत्र वेगळं आहे. चेंडू उभा धरायचा, मारायच्या पायाच्या बाजूच्या हाताने खाली सोडायचा आणि पायाच्या वरच्या हाडाने खालच्या टोकाला मारायचा. मग तो उलट्या गिरक्या घेत सरळ जातो. याला ड्रॉप पंट म्हणतात. सोडताना बोटभर जरी कलला तरी वाट चुकतो. जवळच्या ओव्हलवर, म्हणजे या खेळाच्या लंबगोल मैदानावर, चाळीस मीटरवरून मोजून पन्नास किक मारल्या. मधल्या दोन उंच खांबांमध्ये ६.४ मीटर जागा असते, तिथून गेला तर गोल, सहा गुण. माझे अकरा गेले. अंगावर कुणी नव्हतं, वारा पडलेला होता.

त्या संध्याकाळी मला एएफएल गाजवलेला लान्स 'बडी' फ्रँकलिन खरा कळला.

२५ मार्च २०२२ ला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर जिलाँगविरुद्ध त्याने हजारावा गोल केला, तो मी लेकीसोबत टीव्हीवर पाहिला होता. चॅड वॉर्नरने पास दिला, बडीने मारला आणि कुंपण ओलांडून हजारो माणसं मैदानात आली. अर्धा तास सामना थांबला. तेव्हा मला वाटलं, हौशी लोक आहेत. आता वाटतं, मी तिथे असतो तर मीही धावलो असतो. त्याच्याआधी हजारापर्यंत पाचच जण पोचले होते आणि मूलनिवासींपैकी तर कुणीच नाही. फ्रँकलिन नूंगार समाजातला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यात वाढलेला. हॉथॉर्नकडून २००५ ते २०१३, मग सिडनीकडून २०२३ पर्यंत. एकूण ३५४ सामने, १०६६ गोल. एका मोसमात शंभर गोल करणाराही शेवटचा तोच: २००८ मध्ये ११३, आणि त्याच वर्षी हॉथॉर्नला विजेतेपद. २०१२ मध्ये लॉन्सेस्टनला नॉर्थ मेलबर्नविरुद्ध एकट्याने तेरा.

मीही डावखुरा, म्हणून त्याची किक करून बघितली. बाकीचे खांबांकडे नाकासमोर चालत येतात. बडी सरळ सुरुवात करायचा आणि मग डावीकडे कमान घेत पळायचा. ते बघायला सुंदर, करायला फार अवघड. पळता पळता अंग वळत असतं, त्यात चेंडू नेमका पायासमोर सोडायचा. माझा तर बहुतेक वेळा पोटरीला लागला.

दुसरी गोष्ट पळतानाच्या टप्प्याची. चेंडू घेऊन पंधरा मीटरच्या पुढे पळायचं असेल तर तो जमिनीला टेकवावा लागतो. टोक थोडं कलतं ठेवून पुढे आपटला की हातात परत येतो. या चेंडूत ते जमतं, रेक्झिनच्यात मला कधी जमलं नाही. २०१० मध्ये एसेंडनविरुद्ध मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर बडी सीमारेषेलगत असे टप्पे घेत पूर्ण वेगाने पळाला, मागे बचावपटू लागलेला, आणि अवघड कोनातून गोल केला. त्या वर्षीचा सर्वोत्तम गोल ठरला तो. ती चित्रफीत आम्ही बापलेक अजूनही आठवड्यातून एकदा तरी बघतो.

काळजी घ्यावी लागते. मेलबर्नच्या हिवाळ्यात गवत ओलं असतं, चामडं पाणी पितं, चेंडू जड होतो. फडक्याने पुसून सावलीत ठेवा, हीटरजवळ अजिबात नको. हवा भरताना सुई ओली करून घाला.

पाच नंबर हा मोठ्या माणसांचा. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात तो मावत नाही, तिची बोटं लेसपर्यंत पोचत नव्हती. तिच्यासाठी शेरिनचाच लहान, कृत्रिम चामड्याचा घेतला. तीही डाव्या पायाचीच निघाली. परवा पंधरा मीटरवरून तिचा पहिला सरळ गेला, कमानीबिमानीशिवाय.