लेथ आधी, मिल नंतर: घरच्या वर्कशॉपमधली दोन छोटी मशीन

मी वाफेच्या इंजिनांची छोटी, चालती मॉडेल्स बनवतो. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, क्रँक, असे मुठीत मावणारे जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे भाग. त्यासाठी घरी दोन मशीन आहेत: 'सात बाय चौदा' या मापाचा लेथ (यात जॉब फिरतो आणि टूल त्याला कापतं) आणि छोटं उभं मिलिंग मशीन, म्हणजे मिल (यात कटर फिरतो). दोन्ही भरपूर वापरलीत, दोन्ही पार नटबोल्टपर्यंत खोलून पुन्हा जोडलीत. लेथ घ्या असं मी कुणालाही बिनदिक्कत सांगतो. मिलच्या बाबतीत हात आखडता घेतो.

आधी मापं, कारण ती खरी असली तरी फसवी असतात. सात म्हणजे सात इंच, साधारण १८० मिमी. एवढ्या व्यासाचा जॉब बेडवर, म्हणजे मशीनच्या आडव्या पायावर, फिरतो. पण बेडवर क्रॉस स्लाइड (टूल आडवं पुढेमागे नेणारा भाग) बसलेली असते आणि तिच्यावरून जेमतेम ११० मिमी जातात. १५० मिमीचं फ्लायव्हील चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) मजेत फिरेल, पण सॅडल (क्रॉस स्लाइड वाहून नेणारा भाग) त्याच्याखाली सरकणार नाही, टूल बाजूला लांब काढून कडा घ्यावी लागेल. चौदा म्हणजे दोन सेंटरमधलं, म्हणजे जॉब टेकवायच्या दोन टोकांमधलं, ३५० मिमी अंतर. आता डावीकडे चक लावा, उजवीकडे ड्रिल चक, त्यात १० मिमीचं ड्रिल (ते एकटंच १३३ मिमी लांब असतं), की साडेतीनशेतले निम्म्याहून जास्त तिथेच संपले. त्यामुळे दहा इंची बेडचं भावंड दिसायला गोंडस असलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, आरपार भोक २० मिमीचं असतं. त्याहून जाड सळई मागून आत जाणार नाही, आधी करवतीने तुकडा पाडावा लागतो.

या लेथचं वजन चाळीस किलोच्या आसपास. सोय म्हणून बघितलं तर छान, दोघं मिळून आरामात टेबलावर ठेवतात. पण छोट्या मशीनचं सगळं दुखणं या वजनातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये निघालेला मायफर्ड कंपनीचा एमएल-७ लेथ हासुद्धा सात इंचीच, पण त्यात बीड (ओतीव लोखंड) कितीतरी जास्त ओतलेलं आहे. मोटरची ताकद किती वॅट हे सगळे विचारतात. कट घेताना मशीन किती वाकतं हे कुणी विचारत नाही. माझ्या लेथवर माइल्ड स्टीलमध्ये अर्धा मिमी खोल कट, म्हणजे व्यासात एक मिमी, निवांत निघतो. त्याच्या दुप्पट खोल गेलं की टूल थरथरायला लागतं आणि जॉबवर लाटा उमटतात. मोटर तेव्हाही थकलेली नसते. पितळ आणि ॲल्युमिनियमला हा लेथ लोण्यासारखा कापतो, बिडाच्या कास्टिंगची वरची कडक साल मात्र सावकाश काढावी लागते.

खोक्यातून निघालेलं मशीन हे तयार मशीन समजू नये. ते सुट्या भागांचा जुळवलेला संच आहे. सगळीकडे गंजरोधक ग्रीस थापलेलं असतं आणि त्याच्याखाली ओतकामातली वाळू, कीस असं काहीबाही असतं. रॉकेल आणि ब्रश घेऊन सगळं धुवायचं, मग तेल. त्यानंतर जिब, म्हणजे स्लाइडमधली ढिलाई घालवणारी पट्टी. क्रॉस स्लाइडच्या बाजूच्या पट्टीचे स्क्रू एकेक करून आवळायचे, स्लाइड हाताने पुढेमागे करत. हँडल जड लागायच्या किंचित आधी थांबायचं आणि स्क्रू तसाच धरून वरचा नट घट्ट करायचा, नाहीतर नट आवळताना स्क्रूही फिरतो आणि सगळी मेहनत वाया. सॅडलच्या खालच्या पट्ट्या सर्वात त्रासदायक. तिथे ओढणारे आणि ढकलणारे असे दोन्ही प्रकारचे स्क्रू असतात, एकाला हात लावला की दुसरा रुसतो. मी शेवटी ते स्क्रू काढून पितळी पत्र्याच्या शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घातल्या. तेव्हापासून तिकडे बघावं लागलेलं नाही.

पार्टिंग (फिरत्या जॉबचा तुकडा टूलने तोडणं) या लेथवर होत नाही अशी तक्रार सतत ऐकू येते. होतं. पण वरची छोटी स्लाइड, जी टेपर (निमुळता उतार) कापायला दिलेली असते, ती काढून ठेवावी लागते. एका कामासाठी दिलेली ती स्लाइड बाकी सगळ्या कामांत मशीनचा सर्वात लेचापेचा सांधा होऊन बसते. तिच्या जागी लोखंडाचा एक ठोकळा टाकून त्यावर टूल धरणारा टूलपोस्ट बसवला आणि त्याच मशीनने २५ मिमीची सळई न कुरकुरता तोडली. सॅडलला लॉक नसेल तर तोही बनवून घ्या. एक बोल्ट आणि एक पट्टी, अर्ध्या दिवसाचं काम.

टूलची उंची हा नवख्यांच्या नाकी नऊ आणणारा विषय. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट करणं) केल्यावर जॉबच्या मधोमध बारीक टोक उरलं तर टूल सेंटरच्या खाली आहे. मी पातळ स्टीलची पट्टी वापरतो. चकमध्ये गोल सळई धरायची आणि टूलचं टोक व सळई यांच्यामध्ये पट्टी हलकेच दाबायची. पट्टी ताठ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचा वरचा भाग आपल्याकडे झुकला तर टूल खाली आहे, पलीकडे झुकला तर वर. टूलच्या बुडाशी शिम सरकवायची, पुन्हा बघायचं. भिंगाची गरज नाही.

मोटरबद्दल थोडं. जुन्या धाटणीच्या ब्रशवाल्या डीसी मोटरला कमी वेगात दम नसतो. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील मिनिटाला साधारण ३० मीटरने कापायचं म्हटलं तर २० मिमीच्या सळईला पावणेपाचशे आरपीएम लागतात, तिथे ती छान चालते. ८० मिमीच्या जॉबला सव्वाशेच्या आसपास यावं लागतं आणि इथे माशी शिंकते. हेडस्टॉकमागचा लिव्हर लो गिअरमध्ये टाकूनही जरा जोरात कट दिला की वेग बसतो. ब्रशलेस मोटरचं मशीन मिळत असेल तर तेच घ्या. आतले प्लास्टिकचे गिअर अडकल्यावर तुटतात म्हणून लोक नावं ठेवतात. माझ्या मते ते तुटतात हेच बरं, महागडं काही जाण्याआधी स्वस्तातलं गेलं. एक जोडी खणात ठेवून द्यावी.

हँडलवरच्या मापाच्या डायलकडे मात्र नीट बघा. काही इंची लेथमध्ये क्रॉस स्लाइडचा स्क्रू खरं तर १ मिमी पिचचा (एका फेऱ्याला १ मिमी सरकणारा) असतो आणि डायलवर चाळीस खुणा करून प्रत्येकीला एक हजारांश इंच म्हटलेलं असतं. १ मिमी म्हणजे ०.०३९४ इंच, ०.०४० नव्हे. एका फेऱ्याला हा फरक नगण्य, तीन-चार फेऱ्यांनंतर पिस्टन जाड राहतो. मिलिमीटरमध्ये आखलेली डायल घेतली की हा घोळच नाही. तरीही शेवटचं माप मायक्रोमीटरनेच घ्यायचं, डायलवर विसंबायचं नाही.

सोबत येणारा तीन जबड्यांचा चक कामचलाऊ असतो. जॉब एकदा काढून पुन्हा पकडला की पाच ते दहा शतांश मिमी डुलतो. पहिली जादा खरेदी चार सुट्या जबड्यांच्या चकची करा. डायल गेज लावून, समोरासमोरचे जबडे सैल-घट्ट करत जॉब मध्यात आणायला सुरुवातीला वैताग येतो, सवय झाली की पाच मिनिटं लागतात. वेडावाकडा सिलिंडर ब्लॉक दुसऱ्या कशात पकडताच येत नाही. चकची चावी चकमध्ये राहू देऊ नका, हातमोजे घालून लेथ चालवू नका, हे लिहायची गरज पडू नये.

आता मिल. लेथमध्ये जॉब फिरतो आणि टूल सलग कापत राहतं. मिलमध्ये कटरचा प्रत्येक दात जॉबवर आदळतो, सुटतो, पुन्हा आदळतो. म्हणजे कडकपणाची गरज इथे जास्त, आणि नेमका इथेच सर्वात छोट्या मिलमध्ये हात आखडलेला असतो. त्यांचा कॉलम डावीउजवीकडे तिरका करता यावा म्हणून बुडाशी एका मोठ्या नटवर तोललेला असतो. तिरका कॉलम लागतो असं काम कधीतरीच निघतं, जॉब तिरका पकडूनही ते भागतं. पण त्या एका सांध्यामुळे प्रत्येक कटला डोकं हलतं. माझी मिल याच जातीची. कॉलमच्या पाठीला जाड लोखंडी पट्टी उभी बोल्टने आवळली तेव्हा १० मिमीच्या एंड मिलने (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरने) स्टीलमध्ये सरळ खाच निघायला लागली. नव्याने घेणाऱ्याने हा उपद्व्याप करू नये, सरळ पक्क्या कॉलमचं, एक माप मोठं मशीन घ्यावं. तेवढे पैसे आज नसतील तर थांबावं.

स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटरचा होल्डर बसतो ते निमुळतं भोक, कुठला आहे ते विचारून घ्या. मोर्स ३ असेल तर त्याचा उतार इतका कमी असतो की होल्डर घट्ट रुतून बसतो आणि प्रत्येक वेळी ड्रॉबारवर (होल्डर वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टवर) हातोडी मारून सोडवावा लागतो. तो दणका बेअरिंगच सोसतं. ब्रिजपोर्ट या मिल बनवणाऱ्या कंपनीने आणलेला आर-८ जास्त उतरता असल्याने हलक्या टिचकीने सुटतो. एंड मिल ड्रिल चकमध्ये पकडायची नाही. तो चक उभा दाब सोसायला बनवलेला आहे, आडव्या रेट्याने तो सैल होतो आणि चकच टेपरवरून गळून पडतो. ईआर-३२ कोलेटचा (कटर सगळीकडून आवळणाऱ्या चिरलेल्या नळ्यांचा) संच २० मिमीपर्यंत सगळं धरतो. तो आणि बऱ्यापैकी व्हाइस, या दोन गोष्टी डिजिटल रीडआउटच्या (टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणाऱ्या पडद्याच्या) आधी घ्याव्यात.

मिल घेईपर्यंत लेथच्या क्रॉस स्लाइडवर लावायची उभी मिलिंग स्लाइड मिळते. चकऐवजी स्पिंडलमध्ये कोलेट, त्यात कटर, आणि जॉब स्लाइडवर. काम रांगत चालतं, जॉब बोटभरापेक्षा फार मोठा चालत नाही. पण चावीचा गाळा (शाफ्टवर चाक पक्कं करणाऱ्या पाचरीची खाच), शाफ्टवरचा सपाट भाग, स्लाइड व्हॉल्व्हची खाच एवढं तिच्यावर नीट होतं. माझ्या पहिल्या इंजिनाची सगळी मिलिंगची कामं तिच्यावरच झाली.