न खाल्लेला उपमा, १,०३,१९० रुपये

विमानतळावरच्या लाउंजमधला, म्हणजे खाण्यापिण्याच्या आरामकक्षातला, उपमा तोंडालाही लागला नाही, पण लाउंजच्या बनावट ॲपने माझ्या कार्डावरून १,०३,१९० रुपये उडवले. दोन रुपयांत लाउंज, हे गाजर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. कार्ड स्वाइप करायचं, दोन रुपये कापले जातात, आत जाऊन हादडायचं. म्हणून 'मुळात ॲप टाकलंच कशाला' असं शहाणपण शिकवायला येणाऱ्यांनी जरा थांबावं. हल्ली बऱ्याच बँकांनी गेल्या तिमाहीत ठरावीक खर्च असेल तरच प्रवेश, तोही ॲपमधल्या व्हाउचरवर किंवा क्यूआरवर, असं करून ठेवलंय. काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड बघितलंसुद्धा नाही. "सर, स्वाइप बंद आहे, ॲपमधून बुक करून क्यूआर दाखवा." कुठलं ॲप, हे सांगायची तसदी नाही. मागे रांग, बोर्डिंगला पाऊण तास.

रांगेतून बाजूला होऊन सर्च केलं, पहिली लिंक उघडली. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' होतं. पान झकपक, कार्ड कंपन्यांचे लोगो, विमानतळांची यादी. ॲप प्ले स्टोअरवरून नाही, थेट ब्राउझरमधून उतरलं. फोनने 'अज्ञात स्रोत' म्हणून हटकलं, मी परवानगी दिली. ऑफिसचं हजेरीचं ॲपही असंच टाकायला लावलं होतं, तेव्हा कोणी बोललं नाही!

पण पुढचा प्रश्न आजही रात्री डोळ्यांसमोर येतो. 'या ॲपला तुमचं डीफॉल्ट मेसेज ॲप करायचं का?' अरे, लाउंजच्या ॲपला माझे मेसेज कशाला हवेत? खाली निळं बटण होतं आणि मी ते दाबलं. मग चेहरा स्कॅन, मग दोन रुपयांसाठी कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही. दोनच रुपये मागितले म्हणून तर शंका आली नाही. क्यूआरच्या जागी चक्र फिरत राहिलं. सर्व्हर डाऊन असेल म्हणून बाहेर ५४० रुपयांचं सँडविच आणि कॉफी घेतली.

मी ते खात होतो तेव्हाच ४९,९९०, ३८,५०० आणि १४,७०० असे तीन व्यवहार झाले. ओटीपी माझ्याच फोनवर आले, पण मेसेज त्या ॲपच्या ताब्यात होते, म्हणून मला दिसले नाहीत, परस्पर चोरांकडे गेले. उतरल्यावर ईमेल बघितले तेव्हा कळलं.

बँकेच्या कस्टमर केअरने आधी पर्सनल लोनची जाहिरात ऐकवली, मग कार्ड ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पोचक्रमांक मिळाला. कार्ड ब्लॉक आणि १९३०, ही दोन कामं विमानतळाबाहेर पडायच्या आत करा, टॅक्सी नंतर बघा. पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, "परराज्यात घडलंय, तिकडे जा." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडो, तक्रार नोंदवून घ्यायचीच. हे मी त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणे वकील आहात का? विमानतळवाले म्हणतात लाउंज ठेकेदाराचं, ठेकेदार म्हणतो बँकेला विचारा, आणि बँक म्हणते ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याला भुर्दंड नाही असं म्हटलं होतं, पण 'निष्काळजीपणा' हा एक शब्द चिकटवला की सगळे मोकळे.

बरं, हा प्रकार नवा तरी आहे का? २०२४ मध्ये बंगळुरू विमानतळावर एका महिलेचे असेच ८७ हजारांवर गेले. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने खणून काढलं, तर जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ४५० प्रवाशांचे नऊ लाखांवर रुपये गेलेले. बातम्या झाल्या, व्हिडिओ फिरले. तरी काउंटरवर 'अमुकच ॲप वापरा' अशी चार ओळींची पाटी कोणाला लावता आली नाही. बुफेत काय काय आहे याची पाटी मात्र भली मोठी!

लाउंजचे नियम घरूनच बँकेच्या ॲपमध्ये बघून निघा. कार्डाची ऑनलाइन मर्यादा पाच-दहा हजारांवर आणून ठेवा. आणि आत्ता सेटिंग्जमध्ये जाऊन डीफॉल्ट मेसेज ॲप कोणतं आहे ते बघा, वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तोवर या महिन्याच्या बिलात १,०३,१९० आहेतच, त्यावर व्याज, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी.