दोन फुटी टाकी आणि नागपूरचा मे: गोल्डफिश, गप्पी की एंजल?

दुकानात मुलं बोट दाखवतात गोल्डफिशकडे, आपली नजर जाते एंजलवर. दुकानदार दोन्ही पिशवीत भरतो आणि वर काच साफ करायला म्हणून एक सकर देतो. हे तिघं दोन फुटी टाकीत एकत्र नांदत नाहीत. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, एंजलला उबदार. हातभर लांबीचा होणारा सकर तर या टाकीतला मासाच नाही.

पहिली टाकी घेणाऱ्या नागपूरकराने रंग बघण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, माझ्या हॉलमधलं पाणी किती तापतं? बाहेर ४५ अंश असताना कूलरच्या खोलीतही टाकीचं पाणी ३०-३२ वर जातं. मासे निवडायचे ते या आकड्यावरून.

माझे पहिले दोन गोल्डफिश मे महिन्यातच गेले. दुपारी तीनची वेळ, थर्मामीटर ३३ वर. दोघंही पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते, कल्ले भराभर उघडमीट होत होते. भूक लागली असेल समजून मी दाणे टाकले. ते तसेच तरंगत राहिले. संध्याकाळपर्यंत एक गेला, दुसरा सकाळी. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि अमोनियाही अधिक घातक होतो, हे मला फार उशिरा कळलं. आजही ती दुपार आठवली की वाईट वाटतं.

म्हणून गोल्डफिशबद्दल माझं मत ठाम आहे. त्याला १८ ते २२ अंश पाणी मानवतं. दुकानात तो बोटभर दिसतो, पण फुगीर जातीचाही १५-२० सेंटिमीटर होतो आणि घाण भरपूर करतो. उन्हाळाभर एसी चालणारी खोली आणि तीन फुटी टाकी असेल तर जरूर ठेवा, फार लाघवी मासा आहे, आपल्याला ओळखायलाही लागतो. दोन फुटी टाकीत नको. काचेच्या गोल भांड्यात तर कोणताच मासा नको.

एंजलला उष्णतेचं भय नाही, २८-३० अंशातही तो खुशाल असतो. त्याची अडचण उंचीची आहे. पंखांसकट तो वीतभर उंच होतो, त्यामुळे फूटभर उंचीच्या टाकीत त्याचे पंख मुडपतात. आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. एंजल आणि निऑन टेट्रा दोघंही अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणून जोडीने विकले जातात. मोठा झालेला एंजल त्याच निऑनना रात्रीतून संपवतो. निऑनला मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, पाणी हवं, सहा-आठांचा थवा हवा, आणि २६ अंशांच्या वर तो कोमेजतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

राहिली गप्पी. अगदी साधी म्हणून लोक तिला कमी लेखतात, पण नागपूरच्या घरासाठी माझी पहिली पसंती तीच. २२ ते २८ अंशात ती मजेत राहते आणि एअर पंपाची हवा नीट चालू असेल तर थोडे दिवस ३०-३१ सुद्धा काढते. तिला जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, किंचित अल्कली पाणी आवडतं. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, ज्या पाण्याने गिझरला आणि बादलीला पांढरा थर धरतो, त्यांनी तर दुसरीकडे बघूच नये. मॉली आणि प्लॅटीलाही असंच पाणी लागतं, फक्त मॉली जरा मोठी होते. पेंच-कन्हानचं नळाचं पाणीही गप्पीला चालतं, क्लोरीन तेवढं उतरवून घ्यायचं. आरओचं नुसतं पाणी मात्र घालू नका, त्यात तिला लागणारे क्षारच उरत नाहीत.

गप्पीत एकच निर्णय आधी घ्यावा लागतो. नर-मादी मिळून आणल्या तर साधारण दर महिन्याला पिल्लं होतात आणि सहा महिन्यांत टाकीत दाटी होते. पिल्लं बघायची हौस असेल तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर माद्यांच्या मागे लागून त्यांना दमवतात. मला विचाराल तर नुसते सहा नर आणा. शेपटीचे सगळे रंग नरांकडेच असतात.

सोबतीला एक-दोन हनी गोरामी. ही आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली. वर येऊन थेट हवा घेता येईल असं इंद्रिय तिला आहे, त्यामुळे मे महिन्यात ती तग धरते. फायटर आणि टायगर बार्ब मात्र गप्पीबरोबर ठेवू नका. लांब शेपट्या दिसल्या की दोघंही कुरतडतात.

आता टाकी. दोन बाय एक बाय एक फुटात हिशेबाने ५६ लिटर पाणी मावतं. रेती आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ धरा. काच आणि रेतीसकट वजन ६० किलोंच्या पुढे जातं, टीव्हीच्या युनिटवर ती ठेवायची नाही. तीन बाय एक बाय दीड फुटी टाकीत १२७ लिटर मावतं. नवख्याला वाटतं लहान टाकी सोपी, पण मोठ्या टाकीचं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश बिघडतं, चूक पोटात घालतं. जागा आणि पैसा असेल तर तीन फुटीच घ्या. नसेल तर दोन फुटीत मासे कमी ठेवा.

टाकी भरून दुसऱ्याच दिवशी मासे सोडायचे की महिनाभर थांबायचं? इथेच बहुतेकांचा घात होतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे घेतात. लोणचं मुरावं लागतं तशी टाकी मुरावी लागते. तोवर रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून चिमूटभर दाणे टाकत राहायचं आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणायचे. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. तो गढूळ, तपकिरी रस म्हणजे तयार विरजण, वाट बघणं बरंच कमी होतं. तोच स्पंज पुढे कधी नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीनने जीवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा.

पाणी दर आठवड्याला पाव भाग बदलायचं. आपल्याकडे नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि मे महिन्यात दुपारी त्याने हात पोळतो. पहाटे बादली भरून सावलीत ठेवा, क्लोरीन उतरवणारे थेंब घाला आणि संध्याकाळी वापरा. दिवसा टाकीचं झाकण उघडून वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्यावर आडवा लावा, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाची बाटली सोडायची झाली तर एकदम मोठी नको, झपाट्याने उतरलेलं तापमानही माशांना भोवतं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. डिसेंबरात उलटी काळजी: रात्री बाहेर पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ५० वॉटचा हीटर २५ अंशावर लावून ठेवा, नाहीतर अंगावर पांढरे ठिपके पडतात.

सुरुवात दिवाळीनंतर करावी. एप्रिलात भरलेली टाकी मुरायच्या आधीच उन्हाळ्यात सापडते. नोव्हेंबरात पाणी भरा, डिसेंबर अखेरीस तीन नर गप्पी आणा. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग त्यांना जाळीने उचलून सोडा, दुकानाचं पाणी ओतू नका. पंधरा दिवसांनी आणखी तीन. टेस्ट किट शून्यावर टिकून असेल तर फेब्रुवारीत गोरामी. आणि कधी मासे जड झालेच तर दुकानात परत द्या, फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका. तिथे आधीपासून राहणारे मासे आहेत.