७०/७०० दुर्बीण: सोलापुरातल्या गच्चीवरचे सात महिने

२०२४च्या दिवाळीत ७० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर फोकल लेंथची (भिंगापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण घेतली. खोक्यावर ठळक अक्षरात ‘५२५ पट’ छापलेलं. मी त्यालाच भुललो, म्हणून आधी त्याचाच हिशेब सांगतो. फोकल लेंथला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या छोट्या भिंगाच्या, मिलिमीटरमधल्या आकड्याने भागलं की पट मिळतात. २५चं आयपीस लावलं तर २८ पट, १०चं लावलं तर ७०, ४चं लावलं तर १७५. त्यावर तिप्पट करणारी बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, लावली की झाले ५२५. गणित बरोबर आहे, पण तेवढे पट पेलायला प्रकाश हवा, बारकावा हवा, आणि तो ठरतो भिंगाच्या व्यासावर. मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे इथे १४० पट, यापुढे जाऊ नये. ५२५ला गुरू म्हणजे नुसता धुरकट गोळा. माझी बार्लो डिसेंबरपासून डबीतच आहे.

७० पटींवर मात्र ही दुर्बीण मनापासून आवडली. डिसेंबरात गुरू रोहिणीजवळ होता. दोन पट्टे आणि चार चंद्र स्वच्छ दिसत. आई दुसऱ्या रात्री बघून म्हणाली, “काल ह्या बाजूला तीन होते की!” फोकल लेंथ व्यासाच्या दहापट असल्याने चंद्राच्या कडेची जांभळी झालरही अगदी पुसट. शनीची कडी तेव्हा जवळपास कडेवरून दिसत होती, त्यामुळे नुसती बारीक रेघ.

एप्रिलमध्ये नान्नजकडच्या एका शेतात मित्राची १३०/६५० आरशाची दुर्बीण शेजारी लावली. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सोलापुरातून दक्षिणेला जेमतेम २५ अंश वर येतो. माझ्या दुर्बिणीत तो धुक्याचा ठिपका. मित्राच्या दुर्बिणीत ६५ पटींवर, म्हणजे माझ्याहून कमीच, कडेचे तारे सुटे झाले, ज्वारीचे दाणे पसरावेत तसे. प्रकाश सुमारे तिप्पट येतो, तो असा दिसतो. त्या रात्री मी बराच वेळ त्याच्याच दुर्बिणीला चिकटून होतो.

मे महिन्यात गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो आणि चित्र पाण्यात हलल्यासारखं दिसतं. अंगणात मातीवर तिपाई ठेवली की बराच फरक पडतो. तिपाईही हलकी आहे, फोकस फिरवला की तारा थरथरतो.

चंद्र आणि ग्रहच बघायचे असतील तर ७०/७०० जरूर घ्या. आरसे जुळवत बसावं लागत नाही. तारकागुच्छ, तेजोमेघ हवे असतील तर थोडं थांबून १३०च घ्या. ७०/७०० घेतलीत तर सोबत १५चं एक चांगलं आयपीस घ्या. ४७ पटींचं ते चित्र माझ्याकडे सर्वांत जास्त वापरात आहे.