अस्सल डब्यात भलताच माल: पेलेट घेणाऱ्या पालकांनी वाचावं

आमच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्या मुलांच्या काही पालकांनी मिळून हंगामाच्या पेलेट्स, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, एकदम मागवल्या. नावाजलेल्या जर्मन कंपनीच्या, मॅच ग्रेडच्या, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, ५०० चा डबा, आणि भाव दुकानापेक्षा बराच कमी. इम्पोर्टेड माल कधी येईल याचा भरवसा नसतो, स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात, म्हणून पैसे आगाऊ दिले गेले. डबे आले. डबे अस्सलच होते, पण आतला माल दुसराच होता. विकणाऱ्याविरुद्ध तक्रार झाली आहे, त्यामुळे त्याचं नाव इथे देत नाही. पद्धत मात्र प्रत्येक नेमबाजाच्या घरी माहीत असायला हवी.

रिकामे झालेले डबे रेंजवरून भंगारात जातात. तिथून ते उचलायचे, त्यात स्वस्तातल्या पेलेट्स भरायच्या, वर फोमची चकती ठेवायची, कडेला नवी टेप लावायची. झाकणावर ४.४९ किंवा ४.५० असा हेड साइजचा, म्हणजे पेलेटच्या डोक्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा, आकडा असतो, मागे लॉट नंबरही असतो, म्हणून घेणारा निर्धास्त होतो. पण एकाच खेपेतल्या डब्यांवर वेगवेगळे लॉट नंबर आणि वेगवेगळे हेड साइज दिसले की तिथेच थांबा. दुकानदाराकडे पेटी येते तेव्हा तिच्यातले डबे सहसा एकाच लॉटचे असतात. भंगारातले डबे दहा घरचे असतात.

दुसरी तपासणी वजनाची. रायफलची जड मॅच पेलेट ०.५३ ग्रॅमची असते, म्हणजे ५०० पेलेट्सचं निव्वळ वजन २६५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आमच्याकडच्या दोन डब्यांत मालच कमी होता. पण वजन बरोबर भरलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण हलक्या आणि जड पेलेट्स मिसळल्या तर बेरीज बरोबर येऊ शकते. खरं काय ते एकेक पेलेट तोलल्यावर कळतं. एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा सोनाराकडे असतो आणि बाजारातही मिळतो. डब्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून ५० पेलेट्स काढा, एकेक तोला, आकडे लिहून काढा. चांगल्या मॅच मालात बहुतेक आकडे ०.५२ ते ०.५४ मध्येच राहतात. फसवलेल्या डब्यात ०.४९ पासून ०.५६ पर्यंत सगळं सापडलं.

मग पेलेट उजेडात धरून मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, बघा. तो पूर्ण गोल हवा, कड सारखी हवी. दबलेला स्कर्ट बॅरलमध्ये नीट बसत नाही, एका बाजूने हवा निसटते, वेग बदलतो आणि पेलेट डोलत जाते. आत शिशाचा भुगा चिकटलेला असेल तर तो बॅरलमध्ये उतरतो आणि पुढचे शॉटही बिघडवतो. पेलेट हाताळल्यावर हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाणं वाईट. मुलांना तर हे बजावूनच सांगा.

शेवटची खात्री क्लॅम्पमध्ये होते. रायफल पक्की बांधून कोचच्या देखरेखीखाली १० मीटरवर पाच-पाच शॉटचे निदान चार ग्रूप मारा. चांगल्या पेलेटचा ग्रूप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पाच-साडेपाच मिलिमीटरचा येतो, म्हणजे जवळजवळ एकच भोक. भेसळीच्या मालात चार शॉट एकत्र जातात आणि पाचवा बाजूला पडतो.

हा पाचवा शॉटच सगळ्यात महागात पडतो. १० मीटर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. डेसिमल, म्हणजे दशांशातल्या, गुणांत पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गेला. प्रत्येक शॉटमागे सरासरी ०.२ गेले तर ६० शॉटमध्ये १२ गुण जातात, आणि निवड चाचणीत तेवढ्यात यादीच बदलते. त्याहून वाईट म्हणजे मुलाला वाटतं की चूक आपलीच. तो साइटचे क्लिक फिरवतो, गालाची जागा बदलतो, जॅकेट सैल करतो, ट्रिगर घाईने सोडायला लागतो. महिनोन्महिने बसवलेली पोझिशन आठवड्याभरात मोडते. पैसे पुन्हा जमवता येतील, मोडलेली पोझिशन बसवायला फार वेळ लागतो. म्हणून मूल नेहमीसारखं शांत उभं आहे, शॉट सुटताना नेम कुठे होता हे त्याने बरोबर सांगितलंय, आणि तरीही भोक भलतीकडे दिसतंय, असं झालं की आधी पेलेट तपासा. मुलाला रागावू नका.

पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची .२२ रायफल, वाल्यांना वेगळ्या प्रकारे गंडवतात. व्हॉट्सॲपवर निरोप येतो: स्पर्धेच्या कोट्यातली मॅच काडतुसं उरली आहेत, ५० चा बॉक्स अमुक भावाला, ५०० घेतल्यास आणखी कमी, कुरिअरने घरपोच. आगाऊ रक्कम गेली की कस्टमची फी मागतात, मग विम्याची, मग फोन बंद. काडतूस काही साडी-चपलेसारखं कुरिअरने घरी येत नाही. ते परवानाधारक विक्रेत्याकडून, तुमच्या परवान्यावर नोंद होऊन मिळतं, किंवा नेमबाजी संघटनेमार्फत सभासदांना रीतसर मिळतं. परवान्याशिवाय काडतूस जवळ बाळगणं शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे. ठगाला हे ठाऊक असतं आणि त्याचा सगळा हिशेब घेणाऱ्याच्या भीतीवर चालतो: हा माणूस पोलिसांत जाणारच नाही. घाबरून गप्प बसू नका. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता असते. सोबत व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि समोरच्याचा नंबर तयार ठेवा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे.

हे सगळं घडतं ते माल कमी आणि महाग म्हणून. तेव्हा त्याची गरजच जरा कमी करा. मॅच एअर रायफलमध्ये ड्राय फायरची सोय असते, पेलेट न घालता ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो. दोन तासांच्या सरावात आधी अर्धा तास नुसता होल्ड, म्हणजे नेम धरून स्थिर राहणं, मग ४० ड्राय शॉट, आणि त्यानंतर ३०-४० पेलेट्स पुरतात. ट्रिगरचं काम पांढऱ्या कोऱ्या कागदावर करायचं असेल तर भारतीय बनावटीची स्वस्त पेलेट चालते, कारण तिथे गुण बघायचेच नसतात. मॅच पेलेट ग्रूपसाठी आणि चाचणीसाठी राखून ठेवा. पॉइंट टू टू मध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत बसू नका, पिन चेंबरच्या कडेवर आदळून कड खराब होते. त्या मॉडेलसाठी ड्राय फायरची सोय किंवा प्लग आहे का ते आधी कोचला विचारा, आणि ड्राय सराव करताना काडतुसं खोलीबाहेर ठेवा.

सामायिक खरेदी करायचीच असेल तर आगाऊ रक्कम एका डब्यापुरती द्या. पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या, आणि तो डबा काट्यावर आणि क्लॅम्पमध्ये तपासून मगच पुढची ऑर्डर द्या. आमच्या रेंजवर आता रिकामा डबा टाकण्याआधी झाकणाला आणि तळाला खिळ्याने भोक पाडतात आणि लेबल फाडून टाकतात. तुमच्याही रेंजवर आजच सुरू करा.