रसायनशास्त्राचा घरगुती संच: आठ महिने वापरल्यानंतर

मार्चमध्ये मुलीची सातवीची परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा हा संच मागवला. आता ती आठवीत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही सांगायच्या आहेत आणि यातली बहुतेक सामग्री सुटीही मिळते. मला २,४०० रुपयांना पडला. खोक्यात निघालं ते असं: ५०० ग्रॅमपर्यंतचा आणि ०.१ ग्रॅम अचूकतेचा डिजिटल वजनकाटा, उणे १० ते ११० अंशांचा लाल द्रवाचा तापमापी, दोन चंचुपात्रं, मोजपात्र, सहा परीक्षानळ्या, लिटमस, गाळणकागद, स्पिरिटचा दिवा, संरक्षक चष्मा आणि एक पुस्तिका.

माझं मत आधीच सांगते. या सगळ्यात पैसे वसूल केले ते वजनकाट्याने, आणि त्याच्या खालोखाल तापमाप्याने. भौतिक बदल, रासायनिक बदल, वस्तुमान अक्षय्यता (बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हा नियम) हे शब्द लेकीला पाठ होते. बदलाच्या आधी आणि नंतर वजन करायची सवय लागली, आणि त्या शब्दांवर ती प्रश्न विचारायला लागली.

पहिलाच प्रयोग पाणी उकळण्याचा केला. पुस्तकात १०० अंश, आमचा तापमापी ९९ वर जाऊन थांबला. पाणी खळखळून उकळत होतं, पण रेघ काही पुढे जाईना. मी तापमापी खराब म्हणून परत पाठवायच्या बेतात होते. लेकीने बर्फ कुटून त्यात तो बुडवला, तर बरोबर शून्य. म्हणजे तापमापी ठीक होता. आमचं नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडं वर आहे. इथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी, म्हणून पाणी जवळपास एक अंश आधीच उकळतं. पुस्तकातले १०० अंश समुद्रसपाटीवरच्या दाबाचे. ‘आपल्या गावाचा उत्कलनांक’ असं तिने वहीत लिहून ठेवलं आहे.

बर्फाच्या प्रयोगात तिला आणखी एक गोष्ट अडली. बाहेर ४४ अंश, आणि कुटलेल्या बर्फाचं भांडं ढवळत राहिलं तर शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत तापमापी शून्याशीच. मग एवढी उष्णता गेली कुठे? एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत ते एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. अप्रकट उष्मा हा शब्द मी शाळेत लिहिला होता, त्याचा अर्थ मलाही या भांड्याशेजारी बसून कळला.

मे महिन्यात कूलरचं कामही मोजून पाहिलं. तापमाप्याच्या फुग्यावर ओली चिंधी गुंडाळून वाळ्याच्या ताट्यांसमोर धरला: हवा ४२, ओली चिंधी २४. जुलैत तोच प्रयोग केला तर ३० आणि २७. पावसाळ्यात कूलर नुसता दमटपणा का देतो, हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही, पण बाष्पीभवन हवेतल्या बाष्पावर अवलंबून असतं, हे त्या दोन आकड्यांच्या फरकात दिसलं.

कापराच्या वड्यांचं संप्लवनही, म्हणजे द्रव न होता थेट वाफ होणंही, वजनावरच पाहिलं. १०.२ ग्रॅम वड्या उघड्या ताटलीत ठेवल्या, आठ दिवसांत ६.८ राहिल्या. ताटली कोरडीच, द्रवाचा थेंब नाही. घट्ट झाकणाच्या डब्यातल्या वड्यांचं वजन जवळपास तेवढंच राहिलं, आणि झाकणाच्या आतून बारीक पांढरे कण चिकटलेले सापडले. कापूर तापवायची गरजच पडली नाही. पुस्तिकेत तो दिव्यावर तापवायला सांगितलं आहे, ते करू नका. कापूर पटकन पेट घेतो.

आता फुग्याचा प्रयोग. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर बसवायचा, वजन करायचं, सोडा आत पाडायचा आणि पुन्हा वजन करायचं. वजन तेवढंच राहील, असं पुस्तिका म्हणते. आधी आम्ही उघड्या ग्लासात १०० मिलिलिटर व्हिनेगर आणि ४ ग्रॅम सोडा घेतला, तेव्हा वजन दीड ग्रॅमहून थोडं जास्त घटलं. कार्बन डायऑक्साइड निघून गेला, हिशोब लागला. मग फुगा लावला. तो टम्म फुगला, आणि काट्यावर १.१ ग्रॅम कमी! पुन्हा केलं, पुन्हा तेच. गळती असेल म्हणून बाटलीच्या गळ्याला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. लेक रडवेली झाली. अक्षय्यतेचा नियमच चुकतोय की आपण, असं तिला झालं.

उत्तर मला दुसऱ्या रात्री सुचलं. विहिरीत बुडालेली बादली हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते. फुगाही तसाच हवेत बुडालेला आहे. फुगला की तो आपल्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो आणि तेवढ्या हवेच्या वजनाइतका वर उचलला जातो. एक लिटर हवेचं वजन एक ग्रॅमच्या थोडं वर भरतं, आणि आमचा फुगा साधारण लिटरभराचाच होता. पदार्थ कुठेच गेला नव्हता. मग थंड पेयाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत एकच ग्रॅम सोडा कागदाच्या पुडीत बांधून टाकला आणि झाकण घट्ट लावलं. बाटली फुगत नाही, त्यामुळे काटा ०.१ नेही हलला नाही. झाकण उघडलं तसा फस्स आवाज आला आणि वजन ०.४ ने उतरलं. (सोडा एक ग्रॅमहून जास्त घेऊ नका, आणि काचेची बाटली तर अजिबात नको.) अठराव्या शतकात लॅव्हासिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बंद भांड्यात वजनं का केली, हे मला तेव्हा पटलं. पुस्तिकेत फुग्याबद्दल एक ओळ असायला हवी होती. ती नसल्यामुळे किती मुलांना आपलाच प्रयोग चुकला असं वाटलं असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यात गंज पाहिला. लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणला, तेल जाईपर्यंत साबणाने धुतला, वाळवला आणि २० ग्रॅम मोजून मिठाच्या पाण्याने ओला ठेवला. माझ्या सासूबाई बघत होत्या. ‘काय करून राहिली वं? गंजानं तं लोखंड खाल्लं जाते, वजन वाढन कसं?’ तीन आठवड्यांनी मंद तव्यावर पूर्ण वाळवून वजन केलं: २१.२. मीठ आम्ही चिमूटभरच घातलं होतं, तेवढ्याने हे वजन भरत नाही. हवेतला ऑक्सिजन लोखंडाला येऊन चिकटला होता. सासूबाईंनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला.

पुस्तिकेवर माझा मोठा आक्षेप आहे. भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही, एवढ्यावरच तिने विषय संपवला आहे. हळदीला चुना लावला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हा रासायनिक बदल आहे आणि तो परतही फिरतो. उलट फाडलेला कागद पुन्हा जुळत नाही, पण तो कागदच राहतो. नवा पदार्थ तयार झाला का, हा प्रश्न विचारायला हवा. परीक्षेत मुलं या ठोकताळ्यानेच चुकतात.

बाकी तक्रारी थोडक्यात. काटा दोन मिनिटांत आपोआप बंद होतो आणि शून्य केलेलं वजन विसरतो. पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा नाचतो, त्यामुळे वजन करताना पंखा बंद ठेवावा लागतो. एक चंचुपात्र दुसऱ्याच महिन्यात आचेवर तडकलं. सुटं घेणार असाल तर आच सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचंच घ्या. लिटमस जुलैच्या दमट हवेत खराब झाला. चष्मा मोठ्या माणसाच्या मापाचा आहे. स्पिरिटचा दिवा मी उचलून ठेवला आहे, गरम पाण्याच्या भांड्यावर सगळं भागतं.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पूर्ण संच घेण्यापेक्षा ०.१ ग्रॅमचा काटा, तापमापी आणि एक मोजपात्र सुटं घ्या. कापूर, सोडा, व्हिनेगर, हळद, चुना घरात किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतंच. आमच्या खिडकीत सध्या दोऱ्याला टांगलेला तुरटीचा स्फटिक वाढतोय. रविवारी १.६ ग्रॅम होता, आज १.९ आहे.