मुलांचं मानसोपचार सेंटर, नळ स्टॉपजवळ : आमचा अनुभव (४ स्टार)

घाईत असाल तर थोडक्यात, डॉक्टर आणि थेरपिस्ट उत्तम, रिसेप्शन बेताचं, गाडी अजिबात आणू नका. बाकीचं सविस्तर लिहितेय कारण इथे यायच्या आधी मी रात्र रात्र रिव्ह्यू वाचत बसायचे आणि सगळीकडे नुसतं नाइस क्लिनिक, गुड स्टाफ, आत नेमकं काय करतात ते कोणीच लिहीत नाही.

मुलगी पाचवीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोटात दुखायला लागलं, व्हॅन यायच्या बरोबर अर्धा तास आधी, कधी कधी उलटीसुद्धा, आणि रविवारी एकदम ठणठणीत. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी, लघवीची तपासणी, जंताचं औषध सगळं करून झाल्यावर सरळ सांगितलं की आता पोटाच्या मागे लागू नका, पोरीचं दुखणं खरंच आहे पण त्याचं मूळ पोटात नाही, मुलांच्या सायकियाट्रिस्टना दाखवा. घरात थोडी चलबिचल झाली, सासूबाईंचं म्हणणं होतं की पुढे लग्नाच्या वेळी कोणी काढलं तर काय, आणि पुण्यात हा विषय निघाला की लोकांच्या डोक्यात आधी येरवड्याचं मनोरुग्णालयच येतं. पण ह्यांनी ठाम सांगितलं की दात दुखला तर आपण डेंटिस्टकडे नेतोच ना, आणि अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

पहिली भेट तासाभराची. आधी आम्ही दोघं आत, मग ती एकटी, मग सगळे एकत्र. डॉक्टरांनी तिला सगळ्यात आधी सांगितलं की इथे सुई नाही, आणि तू जे सांगशील ते तुला विचारल्याशिवाय आई-बाबांना सांगणार नाही, फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र सांगावं लागेल. हे त्या आमच्या समोरच बोलल्या, म्हणजे आम्हालाही कळलं की नंतर गाडीत बसून काय बोललीस गं आत असं खोदायचं नाही. मग झोप कशी आहे, जेवण कसं, बोलायला कधी लागली, मैत्रिणी आहेत का, शाळेत कोणी त्रास देतं का, घरात हल्ली कोणी आजारी होतं का, एवढं सगळं विचारलं. आणि लगेच काही नाव देऊन मोकळ्या झाल्या नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून आणा, डोळे तपासून घ्या, मग बघू म्हणाल्या. वर्गशिक्षिकेला भरायला एक २५ वाक्यांचा फॉर्म दिला, प्रत्येक वाक्यापुढे खरं नाही, थोडं खरं, नक्की खरं अशी खूण करायची, आणि तसाच आम्हालाही वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले तर घरी बडबड करणारी पोरगी वर्गात दिवसभर गप्प बसते हे आम्हाला तेव्हा कळलं.

आयक्यू टेस्ट करायची का असं मीच विचारलं होतं, त्या म्हणाल्या अभ्यासात कधी अडचण नव्हती ना, मग आत्ता गरज नाही, उगीच पैसे घालवू नका. पुण्यात आपल्याला त्या आकड्याचं फार असतं, त्यामुळे टेस्ट विकायची संधी असून नको म्हणणाऱ्या डॉक्टर भेटल्या याचं मला खरंच बरं वाटलं.

निदान सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर राहायची भीती. दिवाळीत माझ्या वडिलांना अचानक आयसीयूत ठेवावं लागलं होतं आणि ती शाळेत असताना आपल्या आईला असं काही झालं तर, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. थेरपिस्टला तिने हे सांगितलं चित्र काढताना, एक घर, दारात अँब्युलन्स, आणि शाळेच्या खिडकीत एक छोटं तोंड. आम्हाला दाखवू का असं तिला विचारूनच दाखवलं.

उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायची थेरपी, औषध नाही. आम्हाला त्यांनी आधी हे समजावलं की शाळा बुडवून घरी ठेवलं की त्या क्षणी पोट थांबतं, मूल हसायला लागतं, आणि नेमकं त्यामुळेच मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो, दुसऱ्या दिवशी भीती अजून मोठी. पण ओढत नेऊन गेटमध्ये ढकलायचं पण नाही. मग तिच्याकडूनच कार्डशीटवर शिडी काढून घेतली, ती अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. सगळ्यात खालची पायरी युनिफॉर्म घालून गेटपर्यंत जाऊन परत, त्यावर एक तास लायब्ररीत, मग छोट्या सुट्टीपर्यंत, मग डबा खाऊन घरी, आणि सगळ्यात वर व्हॅनने जाऊन व्हॅनने परत. एका पायरीवर भीती कमी होईपर्यंत तीच पायरी, घाई नाही. डबा खाऊन घरी या पायरीवर आम्ही खूप अडकलो, थेरपिस्टने तिथे मधे एक अर्धी पायरी टाकली आणि गाडी पुढे सरकली.

आमच्यासाठीचे नियम जास्त अवघड होते. सकाळी दुखतंय का हा प्रश्न आपण होऊन विचारायचा नाही. आई तू बरी राहशील ना याला एकदाच उत्तर द्यायचं, दहा वेळा नाही. निरोप छोटा. घरी राहिलीच तर टीव्ही, मोबाइल बंद, शाळेच्या वेळात शाळेचंच काम. आजीला पण एका सेशनला बोलावून हे सगळं मराठीत नीट सांगितलं आणि गंमत म्हणजे आता घरात सगळ्यात कडक तीच पाळते. आता मुलगी रोज जाते. परीक्षेच्या आठवड्यात पोट पुन्हा कुरकुरतं, पण ते होणारच असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

औषधाबद्दल मी विचारलं तेव्हा टाळाटाळ केली नाही. थेरपीने फरक पडला नाही किंवा त्रास जास्त असेल तर औषध देतात, कमी डोसने सुरू करतात, असर दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला मुलावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, मनाने चालू किंवा बंद करायचं नाही.

पालकांसाठी ते शनिवारी एक ग्रुप सेशन पण घेतात, त्याला जरूर जा. तिथे सांगितलेलं एक मला कधी विसरता येणार नाही, की मुलांमधलं डिप्रेशन रडक्या चेहऱ्याने येईलच असं नाही, बऱ्याचदा ते चिडचिडीने येतं, दार आपटणं, आवडता खेळ सोडणं, झोप बिघडणं, आणि आपण म्हणतो वयात आलाय. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर दाखवा. एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) पण सांगितलं, की नुसता दंगेखोर म्हणून शिक्का मारत नाहीत, लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का आणि घरी, शाळेत दोन्हीकडे आहेत का हे बघतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला होता, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार तरी, आणि हे ऐकल्यावर खोलीतले बरेच पालक पहिल्यांदा एकमेकांकडे बघून बोलायला लागले.

आता तक्रारी. रिसेप्शनवर मुलांची पूर्ण नावं मोठ्याने पुकारतात, आणि आजार काय ते पण सगळ्यांसमोर विचारतात. मुलांच्या सेंटरमध्ये हे चालणार नाही, मी लेखी दिलंय, नाव पुकारणं थोडं कमी झालंय पण बंद नाही. साडेपाचची वेळ असेल तर सव्वासहा धरा. वेटिंगमधल्या ब्लॉक्सचे अर्धे तुकडे गायब, मुलाला काही वाचायला घेऊन या. पार्किंग नाही, शेजारच्या सोसायटीचे वॉचमन हाकलतात, मेट्रोने नळ स्टॉपला उतरून चालत या.

फी आम्हाला पहिल्या भेटीची १८०० आणि पाऊण तासाच्या थेरपीची १३०० पडली. दर आठवड्याला हे झेपणं सोपं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही त्यामुळे काही मिळालं नाही, तुमची पॉलिसी आधी बघून घ्या. परवडत नसेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, गर्दी असते पण खर्च कितीतरी कमी. कुठेही गेलात तरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का विचारा, इथे ते भिंतीवर लावलेलं आहे.

आणि मूल मरायच्या गोष्टी बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर नाटक समजू नका आणि इथल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आम्ही अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एका रात्री त्यावर बोललो होतो आणि समोरच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळचे स्लॉट लवकर भरतात. सकाळी ११ च्या सुमारास फोन केलात तर उचलतात, आणि मुलगी आहे की मुलगा, वय किती हे सांगून थेरपिस्ट ताई हव्या की दादा ते तेव्हाच सांगून ठेवा.